जावयाचा गुत्ता

मला माझ्या पडेगावच्या घराला कंपाउंड करायचं होतं, बस्स. एवढीशी गोष्ट. चारी बाजूंनी सिमेंटचे खांब रोवायचे, काटेरी तार ओढायची, रस्त्याच्या अंगाला एक फाटक बसवायचं. ह्यात लगीन कुठून घुसलं ते ऐका, आन् मग मला सांगा, मी थुंकू नको तर काय करू.

मी द्वारका. नवरा पाटबंधाऱ्यातून रिटायर झाला, दौलताबाद रस्त्याला हा प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या आन् त्यात धड सालभर न राहता वर गेला. पोटचं लेकरू नाय. माझ्या धाकट्या भावाची, काकासाहेबाची पोरगी सरू कॉलेजासाठी माझ्यापाशी राहायची. काकासाहेब चितेगावला. शेती बी हाय आन् तिथल्याच एका कंपनीत नोकरी बी. घराभोवती मी दरसाल बाभळीच्या काट्या लावायची, पण डुकरांना काट्याचं काय हो! सकाळी उठून बघावं तर मेथीचा वाफा पार उकरलेला, आन् वर घाण करून ठेवलेली. ती घाण रोज मीच भरायची. शेवटी वैतागून छावणीतला एक गुत्तेदार, कंपाउंडांची कंत्राटं घेणारा, ठरवला. शेजारच्या घरांची कंपाउंडं त्यानंच केलती. बोलायला तुसडा, पण बैल धडकला तरी त्याचा खांब जागचा हलायचा नाय.

तेवढ्यात काकासाहेब आला. म्हणला, "आक्का, त्याला नाय म्हणून सांग. आपला माणूस हाय."

आपला माणूस! ह्या दोन शब्दांनी आमच्या लोकांचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं दुष्काळानं बी केलं नसंल.

"कोण आपला?" मी विचारलं.

"पिशोरचे रामकिसनराव. त्यांचा बद्रीनाथ. कंपाउंडचेच गुत्ते घेतो. सरूसाठी बोलणं चाललंय ना, तोच पोरगा. लोक गावात चौकशीला माणसं धाडतेत, आपल्याला घरबसल्या कळंल. तुझ्या नजरेखाली काम करंल, पोरगा कसा हाय ते तूच बघ."

खोटं कशाला बोलू, मला बी पटलं. कामावर माणूस लवकर उघडा पडतो, हे मला माहीत होतं. मी छावणीवाल्याला नाय म्हणून सांगितलं. तो रागावला नाय. नुसता म्हणला, "सोयऱ्याला काम देऊ राह्यल्या का बाई? मग चहाचं पातेलं मोठं घ्या." लई राग आला मला त्याचा. म्हणलं, मेल्याला आपली सोयरीक बघवत नाय.

बद्री आला मोटारसायकलीवर. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मोबाइल. तव्हा मोबाइल सगळ्यांकडं नव्हते, म्हणून खिशातनं अर्धा बाहेर दिसंल असा ठेवलेला. सरूनं सकाळीच पिवळा ड्रेस इस्त्री केलता. आरशापुढून जाता-येता थांबत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पोरगी खुशीत होती आन् मला ते बघून बरं वाटत होतं.

साहेब गाडीवरून उतरले. तोंडातल्या गुटख्याची पिचकारी मारली ती थेट माझ्या लिंबाच्या आळ्यात. मग हातानं मिशी पुसली आन् म्हणाले, "आत्याबाई, पाणी आणा."

टेप काढली नाय, दोरी धरली नाय. मोबाइल कानाला लावून प्लॉटच्या कडेकडेनं ढांगा टाकीत गेला आन् दुसऱ्या टोकाला पुन्हा एकदा थुंकला. झालं माप.

खड्डे खणायला मुंजाबा आन् त्याची बायको बानाबाई होती. मूळची मेंढरामागं फिरणारी माणसं, मेंढरं गेली तसे दोघं रोजानं जायला लागले. आमच्याकडची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. पहार मारली की हात झिणझिणायचे. ती दोघं घामानं निथळायची, पण खड्डा गुडघ्याइतका व्हायच्या आत बद्री खुर्चीवरून ओरडायचा, "बस झालं, पुढचा घ्या!"

मी म्हणलं, "बद्रीनाथ, ह्या खड्ड्यात माझी बादली बी उभी राहायची नाय. खांब कसा राहील?"

हसला. "आत्याबाई, मुरूम खांबाला आपोआप धरतो. तुम्ही चहा टाका."

खांबाच्या बुडाला खडी-सिमेंट घालायचं असतं, एवढं मला बी कळतं. ह्यानं घातलं काय? विटांचे तुकडे, उकरलेली माती आन् सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या. वरून दोन बोटं सिमेंटचा थर, तो थापीनं असा गुळगुळीत केला की बघणाऱ्याला वाटावं, काय फर्मास काम हाय! गुटख्याच्या पुड्या बी त्यातच. मी हे डोळ्यांनी बघितलं.

छावणीवाला असता तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण इथं काकासाहेब आन् आशा, माझी भावजय, दिवसाआड चितेगावहून डबे घेऊन हजर. जावईबापूंना सावलीत खुर्ची. जावईबापूंना शिरा. जावईबापूंना आज मटण, उद्या अंड्याचा रस्सा. ज्याला उद्या पाय धुवून पाटावर बसवायचं, त्याला आज 'खड्डा खोल कर की मेल्या' कसं म्हणायचं सांगा. गडी म्हणावं तर जावई, जावई म्हणावं तर गडी. आन् त्या बेट्याला आमची ही गोची बराबर कळली होती. तो दोन्हीकडून खात होता.

मी काकासाहेबाला बाजूला घेऊन म्हणलं, "अरे, खांब हलू राह्यलेत."

"हळू बोल! जावई हाय."

"अजून झाला नाय."

"होईल ना. तू नाट लावू नको."

जेवून झालं की जावईबापू माझ्या ओट्यावर उभे राहून खाकरायचे. असे खाकरायचे की पोटातलं वर यावं. मग तिथंच चूळ टाकायचे. मी बादलीभर पाणी ओतून ओटा धुवायची आन् तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची. सरू चहा घेऊन गेली की तिच्याकडं न बघता म्हणायचा, "साखर कमी." एकदा म्हणला, "कॉलेज-बिलेज आता बस करा. आमच्याकडं माणसांचा राबता लई, पोळ्या भरभर याव्या लागतेत." सरू कप उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं जुनाच ड्रेस घातला. आरशापुढं बी गेली नाय.

मग तार ओढायचा दिवस आला. त्या दिवशी मटण होतं. काकासाहेब आन् बद्री ओट्यावर जेवायला बसलेले, आशा वाढत होती. तिकडं कोपऱ्यावरच्या खांबाला तार बांधून मुंजाबा जोर लावून ताणत होता आन् बानाबाई खांब धरून उभी. खरं तर खांबाला माणसानं धरावं लागतंय हेच कसं कुणाला खटकलं नाय? खांब बुडातून निसटला. तार सुटली आन् सपकन येऊन बानाबाईच्या हातावर बसली. कोपरापासून मनगटापर्यंत हात फाटला. बाई ओरडली, ती किंकाळी अजून माझ्या कानात हाय.

मी पळाले. सरू पळाली. मागं वळून बघते तर बद्री बसूनच. तोंडात घास. तिथूनच मुंजाबाला म्हणतो, "अरे, ती तार गुंडाळ आधी! मातीत लोळवू नको."

आन् माझा भाऊ, माझा सख्खा भाऊ काय म्हणला माहीत हाय? "तुम्ही बसा जावईबापू, जेवण मोडू नका. ह्या लोकांना सवय राहती." आन् आशाकडं बघून, "रस्सा वाढ."

आशानं वाढला. मान खाली घालून वाढला. मला शिसारी आली त्या तिघांची, त्या ताटाची, त्या तेलकट रश्शाची.

लुगड्याचं धुडकं बांधून मी बानाबाईला रिक्षात घातलं, सरू आन् मुंजाबा बी चढले. रिक्षावाला म्हणाला, "अरे खाला, इतना खून! पकड के बैठो," आन् त्यानं छावणीपर्यंत गाडी अशी हाणली की आम्ही डॉक्टरांच्या दारात कव्हा पोचलो कळलं नाय. टाके घालताना बानाबाई दातावर दात धरून बसली. एकदाच तोंड उघडलं तिनं.

"बाई, मी वरडले तव्हा ते जेवतच व्हते का हो?"

मी तिचा दुसरा हात धरला. मुंजाबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

परत येताना रिक्षात सरू म्हणाली, "आत्या, मला तो माणूस नको."

"बघू आपण," मी म्हणलं.

"बघू नको. बोल बाबांशी. मी तिथं चुलीवर जळाले तरी तो आधी जेवण उरकंल." एवढं म्हणून पोरगी रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मग मी गप्प कशाला बसते? दुसऱ्याच दिवशी चितेगाव गाठलं. काकासाहेब दारात बाजेवर बसलेला, आशा उंबऱ्याशी मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. पोरगी नाय म्हणती, ते बी सांगितलं.

काकासाहेब भडकला. "पोरीला काय कळतंय? एका मजुरणीला तार लागली म्हणून सोयरीक मोडू? चार माणसांत बोलणं झालंय माझं. लोक तोंडात शेण घालतील."

"अरे, ज्याला रक्त बघून घास खाली ठेवावा वाटत नाय, तो तुझ्या पोरीला काय सांभाळील?"

"जमीन हाय, गुत्ते हायेत, घरात गाडी हाय. अजून काय सांभाळायचं असतं?"

मी आशाकडं वळले. "तू आई हायेस ना? तू बोल की."

तिनं मान वर केली नाय. "मी काय बोलणार आक्का. हे म्हणतील तसं."

मला तिचा बी संताप आला. म्हणलं, बाई हाय का लाकडाचा ठोकळा! माझ्या भावानं ह्या ठोकळ्याबरोबर इतकी वरसं कशी काढली, असं बी मनात आलं माझ्या. तशीच तणतणत उठले आन् बस धरली.

सुपारी फोडायची तारीख धरली गेली, आन् ती बी कुठं? माझ्या घरी! बद्रीचीच अक्कल. म्हणे, वडलांनी माझं काम बघावं. त्यानं पडलेला खांब उभा करून बुडाला दगड ठोकले, वर पुन्हा सिमेंटचा थर थापला, तार ओढून घेतली, सगळ्या खांबांना चुना मारला, खालून गेरूचा पट्टा ओढला. लांबून बघाल तर कंपाउंड असं झकास की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, कुणाकडून केलं? माझं तोंड कडू व्हायचं.

मी घर देणार नाय म्हणू शकले असते. पण म्हणलं, येऊ द्या. माझ्या दारातच येऊ द्या.

जीप भरून माणसं आली. रामकिसनराव उतरले, टोपी नीट केली आन् हात मागं बांधून कंपाउंडच्या कडेनं फिरले. "वा! बद्रीचं काम म्हणजे काम!"

"हिरा हाय हिरा," काकासाहेब म्हणला. माझा भाऊ दुसऱ्याच्या मागं मागं असा लाळ घोटत फिरतोय, हे बघून मलाच खाली मान घालावी वाटली.

आत सरू साडी नेसून बसलेली. तिनं माझा हात घट्ट धरला. "आत्या, तू बोलणार ना?" तिनं विचारलं. "व्हय," मी म्हणलं.

अंगणात सतरंजी घातली, मधी ताट, ताटात सुपारी. आशा चहाचा ट्रे घेऊन उभी. रामकिसनराव रीतीप्रमाणं म्हणाले, "कुणाचं काही बोलायचं राहिलं असंल तर आत्ताच बोला. सुपारी फुटल्यावर बोलायचं नाय."

"माझं हाय," मी म्हणलं.

काकासाहेबानं डोळे वटारले. मी सरळ उठले आन् कोपऱ्यावरच्या खांबापाशी गेले. लोकांना वाटलं, बाई कामाचं कौतुक करायला निघाली. मी खांबाला दोन्ही हात लावले आन् ढकलला. फार जोर बी लावावा लागला नाय, गुडघ्यानं अधू बाई मी. वरचा सिमेंटचा थर कडकन फुटला, खांब आडवा झाला, त्याच्या तारेनं पुढचा ओढला, त्यानं त्याच्या पुढचा. रस्त्याच्या अंगाची अख्खी ओळ लोळली. खड्ड्यांतून विटांचे तुकडे आन् गुटख्याच्या पुड्या वर आल्या. एक दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला.

"रामकिसनराव," मी म्हणलं, "हे तुमच्या पोराचं काम. ह्याच खांबापायी बानाबाईचा हात फाटला, ती रक्तात बसली होती आन् तुमचा पोरगा इथं बसून मटण खात होता. आमची पोरगी नाय म्हणती. तिला आम्ही ह्याच्या घरात देणार नाय."

रामकिसनराव उठले, पडलेल्या खांबापाशी गेले, बुटाच्या टोकानं जरा उचकून बघितलं. मला वाटलं, आता म्हाताऱ्याला लाज वाटंल. पोराच्या कानाखाली वाजवंल.

तो हसला हो!

"अहो द्वारकाबाई, गुत्त्याचं काम असंच राहतं. खांबाचं काय, पुन्हा उभे करता येतेत. घरचा जावई झाल्यावर काय, दरसाल येऊन उभे करील!"

आन् सगळे हसले. जीपमधून आलेले हसले, आमचे हसले, बद्री तर तोंडात पुडी रिकामी करता करता हसला. सगळ्यांत मोठ्यांदा काकासाहेब हसला. जीव भांड्यात पडला होता ना त्याचा! हसत हसतच म्हणला, "चला, फोडा सुपारी. आक्काचा स्वभावच तसा हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी माती लागलेले हात घेऊन तशीच उभी.

"मी जाणार नाय."

सरू दारात उभी होती. पदर ढळलेला, पण आवाज मोठा. "बाबा, मी त्या घरी जाणार नाय. सुपारी फोडली तरी जाणार नाय."

काकासाहेब एका उडीत ओट्यावर गेला. हात उचललेला. मी पळेपर्यंत तो बसला असता पोरीच्या गालावर. पण मधी आशा आली. ट्रे कुठं ठेवला, कसा ठेवला, देवाला ठाऊक. नवऱ्याच्या छातीला छाती लावून उभी राहिली.

"हात खाली घ्या."

"आशा! माणसं बघू राह्यलीत!"

"बघू द्या." आन् मग ती थांबलीच नाय. "हीच सरू पोटात होती, सातवा महिना होता, तव्हा मी चुलीपुढं चक्कर येऊन पडले होते. तुम्ही ताटावर होते. तुम्ही काय म्हणला ते सांगू सगळ्यांना? म्हणला, 'उठ, आधी भाकर वाढ.' मी उठले, वाढली. त्या दिवशी बानाबाई वरडली तव्हा बी मी रस्सा वाढला. आता पोरीला त्याच ताटापुढं उभी करणार नाय मी. मला देताना कुणी खांब हलवून बघितला नव्हता. आक्कानं हिचा बघितला."

काकासाहेबाचा हात खाली आला. तिचं ऐकून आला असं नाय, सगळे बघत होते म्हणून आला. रामकिसनराव म्हणाले, "ज्या घरात बायका बोलतेत तिथं आम्हाला बी सोयरीक करायची नाय," आन् टोपी झटकून जीपकडं गेले. बद्री जाता जाता थुंकला. जीप गेली. काकासाहेब कुणाकडं न बघता चालतच रस्त्याला लागला.

सरू आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. मी ओट्यावर बसले. महिनाभर मी पिशोरच्या पोराला नावं ठेवत होते. त्याचं खाकरणं, त्याचं थुंकणं, त्याचं ते जेवणं. आन् तसाच माणूस माझ्या आईच्या पोटी जन्मलेला, माझ्या मांडीवर वाढलेला. त्याला राखी बांधायला मी दरसाल चितेगावला जायची. आशाच्या हातचं खाऊन, आशालाच ठोकळा म्हणून परत यायची. मला त्याची किळस आली, आन् जरा माझी बी आली.

पोरगी शांत झाल्यावर मी आशाला जवळ बसवलं. विचारलं, "इतकी वरसं गप का राहिलीस ग? मला एका शब्दानं तरी सांगायचं होतंस."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाय, साधंच बघितलं.

"कसं सांगणार आक्का?" ती म्हणाली. "तुम्ही त्यांची बहीण."